पोफळवाडीत वायफाय बंद

पोफळवाडी (नागावजवळ)
४ जानेवारी २०२५

प्रिय रत्नपाल,
सप्रेम जयभीम.

माझं अक्षर बघून घाबरू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. तू तीन दिवस फोन लावतोयस आणि लागत नाहीये, हे मला ठाऊक आहे. तो लागणारच नाही. माझा आणि प्रणालीच्या पप्पांचा, दोन्ही फोन मी बंद करून पापडाच्या डब्यात ठेवलेत आणि डबा माळ्यावर चढवलाय. वायफायची पेटी भिंतीवरून काढून गोणपाटात गुंडाळली आहे. म्हणून हे पत्र. तू शाळेत विज्ञान शिकवतोस, तेव्हा हा विषय तुला कोणीतरी नीट समजावून सांगायलाच हवा.

तुझ्या भाचीचं डोकं दुखतंय. दिवाळीची सुट्टी संपली तेव्हापासून, रोज. सव्वापाचला शाळेतून येते, दप्तर टाकते आणि ओटीवर आडवी होते. म्हणते, "आई, कपाळ दाबून दे." सहावीतलं पोर, तिच्या डोक्याला कसला एवढा ताप? अलिबागला नेऊन डोळे तपासून आणले, नंबर नाही. डॉक्टर म्हणाले, झोप पुरेशी होऊ द्या आणि पाणी भरपूर पाजा. झोप नऊ तास होते. पाण्याची बाटली मी स्वतः भरून देते, संध्याकाळी रिकामी परत येते. मग राहिलं काय? लहरी.

मी खूप वाचलं आहे. रोज चार-चार तास वाचलं. लहान मुलांची कवटी पातळ असते. फोनच्या लहरी, वायफायच्या लहरी, शेजारच्यांच्या वायफायच्या लहरी, सगळ्या त्यातून आरपार जातात. आणि एवढ्यावर भागलं नाही म्हणून आता शाळेच्या मागे, काळूरामकाकांच्या जागेत, मोबाईलचा टॉवर उभा राहणार आहे. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत तो विषय आहे. मी विरोधाच्या सह्या गोळा करतेय. बेचाळीस झाल्या होत्या, पण खोल्या भाड्याने देणाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी येऊन आपापल्या खोडल्या. म्हणे रेंज नसली तर पाहुणे थांबत नाहीत.

आमच्याही दोन खोल्या आहेतच की. मी दारावर पाटी लावली, "येथे वायफाय नाही. समुद्र आहे." गेल्या शनिवारी ठाण्याचं एक कुटुंब आलं, पाटी वाचली आणि बॅगा न उतरवता गेलं. प्रणालीचे पप्पा म्हणाले, "बुकिंगचं काय करायचं?" मी विचारलं, "बुकिंग पाहिजे की मुलगी?" तेव्हापासून बुकिंगचं नाव काढत नाहीत. रोज संध्याकाळी एकटेच किनाऱ्यावर फिरायला जातात. तब्येतीला बरंच आहे.

तर तू एक कर. शाळेच्या कागदावर, विज्ञान शिक्षक म्हणून, टॉवरमुळे मुलांची डोकी दुखतात असं लिहून सही-शिक्का मारून पाठव. मी सभेत वाचून दाखवीन.

तुझी ताई,
रचना

---

माणगाव
८ जानेवारी २०२५

प्रिय ताई,
सप्रेम जयभीम.

पत्र मिळालं. पोस्टमन दारात उभा राहून म्हणाला, "सर, घरगुती पत्र आलंय!" आणि मी ते वाचून संपेपर्यंत हलला नाही.

प्रणालीचं दुखणं वाचून काळजी वाटली. ती थट्टेवारी नेण्याची गोष्ट नाही. पण ताई, टॉवर अजून उभाच राहिला नाही. न उभारलेल्या टॉवरने दिवाळीपासून डोकं कसं दुखेल?

लहरींचं म्हणशील तर मला कळतं ते एवढंच. मोबाईल आणि वायफायच्या लहरी फार दुबळ्या असतात. सूर्यप्रकाश त्यांच्याहून जोरकस. मर्यादेच्या आत त्या असल्या तर मुलांची डोकी दुखतात असं आजवरच्या तपासण्यांत सिद्ध झालेलं नाही. अभ्यास अजून चालू आहे, होऊ दे. टॉवर मर्यादेत आहे का, याची मोजणी मागायचा तुला पूर्ण हक्क आहे आणि तशी तू जरूर माग. पण मला जे माहीत नाही त्याच्यावर मी शिक्का मारणार नाही. मुलांना मी तेच तर शिकवतो.

फोन मुलांच्या हातात तासन्‌तास असू नये हे मात्र शंभर टक्के खरं. झोप बिघडते, डोळे शिणतात. त्यासाठी पेटीला गोणपाट गुंडाळायची गरज नव्हती.

आणि एक विचारू का? रोज चार-चार तास तू हे जे वाचलंस, ते कशावर वाचलंस?

मला जरा नीट कळव. डोकं सकाळी दुखतं का? रविवारी दुखतं का? डबा खाते का?

जीवनराव दाजींना जयभीम सांग.

तुझा,
रत्नपाल

---

पोफळवाडी
१० जानेवारी २०२५

प्रिय मामा,
जयभीम.

हे पत्र सीक्रेट आहे. मला उत्तर लिहिलंस तर आमच्या घरी नको, साक्षीच्या घरी पाठव. साक्षी माझी बेस्ट फ्रेंड आहे. तिचा पत्ता आणि फोन नंबर मागे लिहिलाय.

मामा, आमच्याकडे खूप बोअर होतं. टीव्हीपण वायफायवर चालायचा, तोही बंद. आईने फ्रिजला एक सोनेरी स्टिकर लावलाय. अंबाजीकाका स्कूटरवरून विकायला आले होते, म्हणाले लहरी शोषून घेतो. एक माझ्या कंपासपेटीलापण लावला. जिथे वायफायची पेटी होती तिथे कोरफडीची कुंडी ठेवली आहे. कोरफडपण लहरी खाते म्हणे. पेटी गोणपाटात आहे, मग कोरफड आता काय खाते कोण जाणे.

पप्पा किनाऱ्यावर फिरायला जात नाहीत. त्यांनी शेजारच्या हरेश्वरकाकांचा जुना फोन घेतलाय. सुरूच्या झाडांत उभे राहून पाहुण्यांशी बोलतात. मी बघितलं. ते म्हणाले, "आईला बोललीस तर तुझी माझी कट्टी." म्हणून मी फक्त तुलाच सांगितलं.

माझं डोकं अजून दुखतं. आईला वाईट वाटतं म्हणून काल मी थोडं कमी दुखतंय असं सांगितलं.

मामा, एक सायन्सचा प्रश्न आहे. पाणी नाही प्यायलं तर डोकं दुखतं का? माझं नाही, वर्गातल्या एका मुलीचं विचारतेय.

तुझी,
प्रणाली

---

माणगाव
१३ जानेवारी २०२५

प्रिय प्रणाली,
जयभीम.

तुझा सायन्सचा प्रश्न फार चांगला आहे. हो, दुखतं. आपल्या शरीरात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. ते कमी पडलं की डोकं दुखतं, चक्कर येते, लघवीला जळजळतं. असं खूप दिवस चाललं तर मूत्रपिंडाला त्रास होऊ शकतो. हे सगळं त्या वर्गातल्या मुलीला सांग.

आता मला एक सांग. ती मुलगी पाणी का पीत नाही? तिच्याकडे बाटली नाही का? असेल तर बाटलीतल्या पाण्याचं ती काय करते?

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. तुझं सीक्रेट मी सीक्रेटच ठेवीन. पण कोणाच्या तब्येतीला धोका असेल तर मामाला गप्प बसता येत नाही. तेव्हा मी तुला न विचारता काही करणार नाही, पण तुला विचारल्यावर काहीतरी करीनच.

मामीने तुझ्यासाठी तिळाच्या वड्या केल्यात. अलिबागकडे कोणी जाणारं भेटलं की पाठवतो.

तुझा,
मामा

---

पोफळवाडी
१४ जानेवारी २०२५

प्रिय रत्नपाल,
सप्रेम जयभीम.

आता बोल! प्रणालीचं डोकं थांबलं!

गुरुवारपर्यंत दुखत होतं. म्हटलं, प्रयोग अर्धवट नको. शुक्रवारी मेन स्विच पाडला आणि घरातली सगळी वीजच बंद केली. मिक्सर नाही, पंखा नाही, काही नाही. शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवार. चार दिवस तिला शाळेलाही पाठवलं नाही, डोळ्यांसमोर ठेवली. पहिल्या दिवशी संध्याकाळी थोडं दुखलं, नंतर नाही. काल तर अंगणात दोरीवरच्या उड्या मारत होती. शंभराच्या पुढे मी मोजणं सोडून दिलं.

आज परत शाळेत गेली. आली ती कपाळ धरूनच. याचा अर्थ काय? शाळेत लहरी आहेत! मुख्याध्यापकांच्या ऑफिसात वायफाय आहे. बाई फळ्यावर फोनमधून काहीतरी दाखवतात. त्यात आता टॉवर. तूच सांग, याहून अधिक पुरावा कुठला पाहिजे?

तू विचारलंस ते कशावर वाचलं, त्याचं उत्तर मी देणार नाही. तो तिरकसपणा लहानपणापासून तुझ्यात आहे.

सोबत एक सोनेरी स्टिकर पाठवतेय. तुझ्या फोनला लाव. अंबाजी म्हणाला, परदेशी माल आहे.

सभेला बारा दिवस उरलेत. काळूरामकाका परवा बाजारात भेटले, म्हणाले, "रचना, जागा माझी हाय, टॉवर कंपनीचा हाय, तुझं काय जातंय?" मी म्हटलं, "माझी मुलगी जातेय." भाजी न घेताच परतले. घरी येऊन मला रडू आलं. रत्नपाल, तुला गंमत वाटत असेल, पण पोरगी रोज कपाळ धरून येते आणि मला काही करता येत नाही. निदान बंद करण्यासारखं जे काही आहे ते तरी बंद करते.

शिक्क्याचं पत्र पाठव.

तुझी ताई,
रचना

---

पोफळवाडी
१७ जानेवारी २०२५

प्रिय मामा,
जयभीम.

तुझं पत्र साक्षीच्या आजीने आधी उघडलं. तिला वाचता येत नाही म्हणून वाचलो.

ती वर्गातली मुलगी मीच आहे. तुला कळलंच होतं ना?

आमच्या शाळेत मुलींच्या बाथरूमची कडी दिवाळीआधी तुटली. दार आपोआप उघडतं. आत बसलं की बाहेर एकीने दार धरून उभं राहायचं. साक्षी माझं धरते, मी तिचं धरते. पण मुलं मुद्दाम तिथूनच पकडापकडी खेळतात. एकदा साक्षी दार धरून होती तेव्हा बॉल तिच्या पाठीत लागला आणि तिने दार सोडलं. मी आत होते, मामा. मुलं हसली. नळालापण पाणी नसतं, बादलीने आणायचं.

म्हणून आम्ही सहावी-सातवीच्या मुलींनी ठरवलंय. पाणी प्यायचंच नाही. नाही प्यायलं की जावं लागत नाही. बाटलीतलं पाणी मी येताना जास्वंदीला ओतते. आई बाटली बघते ना.

बाईंना सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, वर कळवलंय. त्यांचीपण चूक नाही. त्या स्वतः दुपारी शेजारच्या घरी जातात.

आईला सांगू नकोस. ती शाळेत येईल. मागे खिचडीत खडा निघाला होता तेव्हा ती स्वयंपाक टाकून आली होती आणि तिच्या हातात कालथा तसाच होता. अजून मुलं मला कालथा म्हणतात. या वेळी ती आली आणि बाथरूमबद्दल सगळ्यांसमोर ओरडली तर मी शाळाच सोडीन.

पण मला लघवीला जळजळतं. तू लिहिलंस तसंच. मला भीती वाटतेय.

तुझी,
प्रणाली

---

माणगाव
२० जानेवारी २०२५

प्रिय ताई,
सप्रेम जयभीम.

स्टिकर मिळाला. मी तो सुरीने सोलून पाहिला. आत चॉकलेटला असतो तसला सोनेरी कागद आहे आणि त्याखाली डिंक. माझ्या सातवीच्या मुलांनी तुझ्या परदेशी मालावर अर्धा तास हसून घेतलं. अंबाजीला माझा नमस्कार सांग.

आता गंभीरपणे. तुझं "बंद करण्यासारखं ते बंद करते" हे वाक्य मी प्रणालीच्या मामीला वाचून दाखवलं, तिने ते परत वाचायला लावलं. तू आई आहेस, तुझं चुकत नाहीये. फक्त प्रयोग चुकतोय. ताई, एका प्रयोगात तू दोन गोष्टी बदलल्यास. वीज बंद केलीस आणि शाळाही बंद केलीस. डोकं थांबलं ते कशाने, हे तुला आता कसं कळणार?

तेव्हा मी सांगतो तसं कर. सभेच्या आधी शाळेत जा. मुख्याध्यापकांना आधी चिठ्ठी पाठवून परवानगी घे. हातात वही ने, दुसरं काही नेऊ नकोस. कोणावर आवाज चढवायचा नाही. प्रणाली दिवसभर जिथे जिथे जाते त्या प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं थांब. तिचा बाक, मैदान, पाण्याची टाकी, मुलींचं बाथरूम. शेवटचं ठिकाण टाळू नकोस. आत जा, दार लाव आणि दहा मिनिटं थांब. जे दिसेल ते लिहून ठेव. मग सभेत काय बोलायचं ते तूच ठरव. मी ठरवणार नाही.

आणि प्रणालीला उद्याच्या उद्या डॉक्टरांकडे ने. लघवीची तपासणी करून घे. का, ते आत्ता विचारू नकोस. तुझ्या भावावर विश्वास ठेव.

प्रणालीशी मी आज साक्षीच्या घरच्या फोनवर बोललो. तिला म्हटलं, आईला पाहणीला पाठवतोय, चालेल का? "चालेल, पण कालथा नको," एवढंच म्हणाली. याचा अर्थ तुला शाळेत गेल्यावर कळेल.

तुझा,
रत्नपाल

---

पोफळवाडी
२८ जानेवारी २०२५

प्रिय रत्नपाल,
सप्रेम जयभीम.

गेले चार दिवस मी तुझ्यावर रागावले होते. आज राग उतरला म्हणून लिहायला बसले.

तपासणीत जंतुसंसर्ग निघाला. औषध चालू आहे, उतार आहे. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत.

शुक्रवारी शाळेत गेले. चिठ्ठी पाठवून, वही घेऊन, तोंड बंद ठेवून. बाकावर दहा मिनिटं, मैदानात दहा मिनिटं. मुलं माझ्याकडे बघून आपापसात कुजबुजत होती. मग त्या बाथरूममध्ये गेले. दार लावलं, ते उघडलं. परत लावलं, परत उघडलं. कडीच नाही. मग एका हाताने दार धरलं, दुसऱ्या हाताने नाक धरलं, वही काखेत. तेवढ्यात बाहेरून एका लहानशा मुलीचा आवाज आला, "काकू, मी धरते दार. तुम्ही निवांत बसा." चौथीतलं पोर असेल. किती सवयीने म्हणाली ती! दहा मिनिटं नाही थांबू शकले, रत्नपाल. तीन मिनिटांत बाहेर आले. वहीत काही लिहिलं नाही.

घरी येऊन प्रणालीला विचारलं, "मला का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "तू ओरडली असतीस." मी ओरडून विचारलं, "मी कधी ओरडते?" मग माझं मलाच ऐकू आलं. दोघी हसलो, आणि मग दोघी रडलो.

मुलीने दुखणं मामाला सांगितलं आणि मला नाही, हे अजून सलतंय. तुझ्यावरचा राग तोच होता. पण तिने कोणाला तरी सांगितलं, हेच नशीब.

आता सभेचं ऐक. गच्च भरली होती. माझी बाजू घेणारे पुढे, टॉवरवाले मागे. सरपंच म्हणाले, "रचनाताई, टॉवरवर बोला." मी उठले आणि म्हटलं, "टॉवर आल्यावर मोजणी लेखी द्या, एवढंच माझं मागणं. आता मला कडीवर बोलायचंय."

"कसली कडी? विषयपत्रिकेत कडी नाही."

मी प्रणालीचं नाव घेतलं नाही, कुठल्याच मुलीचं घेतलं नाही. मी पुरुषमंडळींना म्हटलं, "तुमच्यापैकी ज्याला सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत थांबता येतं त्याने हात वर करावा." एकही हात वर आला नाही. नामा सुतार तर तेवढ्यात उठून बाहेर निघाला होता, तो दारातच थांबला. सगळी सभा हसली. मग मी म्हटलं, "आपल्या मुली रोज थांबतात. पाणी न पिता थांबतात. कारण दाराला कडी नाही आणि नळाला पाणी नाही."

मागून साक्षीची आजी उठली, म्हणाली, "व्हय, माझी नातपण." मग आणखी एक बाई उठली. मग बायकाच बायका. काळूरामकाका म्हणाले, "माझ्या बोअरचं पाणी शाळेच्या टाकीला सोडतो. त्यात न्हाय म्हनण्यासारखं काय हाय?" नामाने त्याच संध्याकाळी कडी बसवली, आतून एक आणि वर एक. मुख्याध्यापक सोमवारी मुलांशी बोलले. काय बोलले कोण जाणे, पण आता पकडापकडी मैदानाच्या पलीकडे चालते.

वायफाय परत लावलं आहे. जेवताना आणि झोपताना फोन नाही, हा नियम सगळ्यांना, मलाही. प्रणालीचे पप्पा काल म्हणाले, "मग मी आता किनाऱ्यावर जायचं थांबवू?" मी म्हटलं, "जा की. पण हरेश्वरचा फोन त्याला परत देऊन जा." त्यांना वाटलं होतं मला माहीत नाही. सुरूच्या झाडांत उभं राहून ते इतक्या मोठ्यांदा बोलायचे की वाऱ्याबरोबर स्वयंपाकघरात ऐकू यायचं. तेवढं बुकिंग येत होतं म्हणून मीही गप्प बसले.

प्रणालीच्या मामीला जयभीम.

तुझी ताई,
रचना

---

पोफळवाडी
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय मामा,
जयभीम.

हे पत्र सीक्रेट नाही. आईसमोर बसून लिहितेय, पण ती वाचत नाहीये. वाचणार नाही असं तिने प्रॉमिस केलंय. भाजी निवडताना मान वाकडी करून बघते, तेवढंच.

तिळाच्या वड्या मिळाल्या. माझं औषध संपलं. जळजळत नाही. डोकं एकदा दुखलं, पण ते गणितामुळे होतं.

शाळेत आम्ही सगळ्या आता भरपूर पाणी पितो. इतकं की बाई म्हणाल्या, "एका तासाला किती जणी उठता ग?"

आता तुला खरी बातमी सांगते. गेल्या रविवारी आईने मला जवळ बसवलं आणि म्हणाली, "मी ओरडणार नाही. अजून मला काय सांगायचं राहिलंय ते सांग." मी विचारलं, "नक्की?" ती म्हणाली, "नक्की."

म्हणून मी सांगितलं की हिंदीच्या चाचणीत मला वीसपैकी चार पडले, पेपरवर पप्पांची सही मीच केली, आणि तिची लग्नातली हिरवी साडी नाटकासाठी नेली होती ती शाळेतच राहिली आणि आता सापडत नाही.

आईने पदर कमरेला खोचला. मग म्हणाली, "बरं झालं सांगितलंस." मग उठली, मागच्या अंगणात गेली आणि कोंबड्यांवर इतकी ओरडली, इतकी ओरडली, की शेजारचे धावत आले.

कोंबड्यांनी काहीच केलं नव्हतं, मामा. पण माझ्यावर नाही ओरडली.

तुझी,
प्रणाली